शिकाऊ उमेदवारीचा खर्च कोणाच्या माथी?

नांदेड वा लातूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर, वेल्डर होऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाचे लक्ष वाळूज आणि चाकणच्या वाहन कारखान्यांकडे लागलेले असते. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. वाहनउद्योग मराठवाड्यात आला खरा, पण तो विभागाच्या पश्चिम टोकाशी. शिकाऊ उमेदवारीचा अर्ज आता गावात बसून संगणकावर भरता येतो. खरी अडचण निवड झाल्यानंतर उभी राहते.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधनही मालकावर नसते. त्याच्या विद्यावेतनाचा किमान दर शैक्षणिक पात्रतेवर ठरतो, घरापासूनच्या अंतरावर नाही. चाकणचा मुलगा घरी जेवून कामावर जातो. तीनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या लातूरच्या मुलाला त्याच रकमेतून खोलीचे भाडे आणि खानावळ भागवावी लागते. तूट भरून काढतो तो सोयाबीन पिकविणारा बाप. म्हणजे कारखानदारीच्या प्रशिक्षणाचा भार कोरडवाहू शेतीने वाहायचा!

२०१६ च्या प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, दरमहा १५०० रुपयांच्या मर्यादेत, उचलते. हा दिलासा प्रामुख्याने मालकाला आहे. दूरच्या जिल्ह्यांतील उमेदवारांसाठी औद्योगिक वसाहतींत वसतिगृहे उभारली, तरच समान संधी या शब्दाला अर्थ येईल. अन्यथा अर्ज सर्वांनी करावा आणि रुजू मात्र ऐपत असणाऱ्यांनीच व्हावे, असेच घडत राहील.