तारणाच्या रकान्यात रेघ

दानधर्म म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शेठजी येतात, चेक येतो, शाल-श्रीफळ येतं. प्रेमाताई पुरव यांच्याकडे वाटायला पैसा नव्हता. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेली आणि मुंबईच्या कामगार चळवळीत रुजलेली ही बाई. पण गिरणगावातल्या बायकांना त्यांनी जे मिळवून दिलं, ते देणगीच्या पावतीवर मावणारं नव्हतं.

गिरणी कामगार बहुतेक कोकणातले, नाहीतर घाटावरचे. बायकामुलं गावी. पोटाची सोय खाणावळवालीकडे. चाळीतली एक खोली, पाळी सुटली की पंगत बसायची. हिशेब पगार झाल्यावर. म्हणजे महिनाभर ही बाई कामगाराला उधारीवर जेवू घालायची आणि स्वतः वाण्याकडून चढ्या व्याजानं धान्य उचलायची. आमच्या भाषेत सांगायचं, तर कामगारांना खेळतं भांडवल तीच पुरवत होती! 1974च्या सुरुवातीला गिरण्यांचा संप झाला. पगार थांबला, जेवण थांबलं नाही. बायकांनी किडूकमिडूक सावकाराकडे ठेवलं. संपाच्या सभांत हार पडले ते पुढाऱ्यांच्या गळ्यात. चुलीपुढे कोण बसलंय, हे प्रेमाताईंनी पाहिलं.

1975 साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. वर्गणी गोळा करून वाटणं सोपं होतं. त्या बायकांना घेऊन बँकेत गेल्या. (त्यांचे यजमान दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी, तेव्हा बँक कशी चालते हे घरातच ठाऊक.) बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 सालीच झालं होतं. 1972 पासून गरिबांसाठी 4 टक्के व्याजाची योजनाही होती. पण योजना असणं निराळं आणि अंगठा उठवणाऱ्या बाईला साहेबासमोर खुर्ची मिळणं निराळं. मी नोकरीला लागलो तेव्हाचे माझे एक साहेब तारणाच्या रकान्यात रेघ दिसली की अर्ज खालच्या खणात सरकवत. तो खण फारसा उघडत नसे.

या बायकांकडे तारण नव्हतंच. त्या एकमेकींना जामीन राहिल्या. पहिल्या खेपेला चौदाजणींना कर्ज मिळालं. कुणाकडे किती माणसं जेवतात, कुणाचा नवरा पैसे दारूत घालतो, हे शेजारणीला जितकं कळतं तितकं कुठल्याही ताळेबंदातून कळत नाही. सावकाराचा पाश सुटू लागला, आणि पहिल्यांदाच बँकेच्या कागदावर बाईचं स्वतःचं नाव आलं. नवऱ्याची बायको म्हणून नव्हे, धंदा करणारी म्हणून.

पुढे 18 जानेवारी 1982 आला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. खाणावळवालीचं गिऱ्हाईकच गेलं. घरातला पुरुषही बेकार. अशा वेळी मंडळाच्या बायका कचेऱ्यांना जेवण पुरवू लागल्या. किती घरं त्या काळात केवळ बाईच्या पोळपाटावर तरली, याची मोजदाद झाली असती, तर संपाचा इतिहास जरा वेगळा वाचावा लागला असता.

2002 साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. त्याआधीच, 1993 साली, त्यांच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून पुण्याच्या वस्त्यांमध्ये हेच काम हाती घेतलं होतं. पेन्शनीची नोकरी सोडणाऱ्याकडे आम्ही बँकवाले कशा नजरेनं बघतो, ते मला ठाऊक आहे. त्या मात्र भाजीवाल्यांना, घरकाम करणाऱ्या बायकांना छोटी कर्जं देत राहिल्या. तीही एकमेकींच्याच जामिनावर.