प्रोग्रामरची पारख

मराठीच्या अध्यापकाने प्रोग्रामरची पारख काय करावी, असे आपणांस वाटेल. पण एका निवड समितीवर मी होतो. "माझे उत्तर पुन्हा तपासू का?" असे विचारणाऱ्या तरुणास आम्ही नाकारले आणि व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्यास निवडले. ती खंत आजही आहे.

क्रमवार यादीचा मध्य पाहून निम्मी यादी वगळत शब्द शोधणे, ही रीत कोशात शब्द शोधणाऱ्यांस परिचित आहे. जॉन बेंटली यांनी तिची आज्ञावली व्यावसायिकांना लिहावयास दिली. बहुतेकांची चुकली, असे १९८६ च्या 'प्रोग्रामिंग पर्ल्स' या ग्रंथात त्यांनी नोंदविले आहे. पुढे २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी बेंटलींच्या व स्वतःच्याही आज्ञावलीतील दोष उघड केला: मध्य काढताना होणारी दोन मोठ्या संख्यांची बेरीज यंत्राच्या मर्यादेबाहेर जाऊ शकते.

तात्पर्य, उमेदवारास असेच छोटे काम द्यावे. यादी रिकामी असली तर? शब्दच नसला तर? हे प्रश्न तो आपण होऊन विचारतो का, ते पाहावे. चूक थोरांचीही होते. ती शोधण्याची वृत्ती हेच खरे कौशल्य होय.