स्टिरप

स्टिरप : घोडेस्वाराचे पाऊल टेकविण्यासाठी खोगिराच्या दोन्ही बाजूंस चामडी पट्ट्याने लोंबती ठेवलेली, तळाशी सपाट अशी कडी. मराठीत हिला ‘रिकीब’ म्हणतात. हा इंग्रजी शब्द प्राचीन इंग्रजीतील ‘स्टिगराप’ या सामासिक शब्दापासून आला. त्याचे पहिले पद ‘चढणे’ या अर्थाचे व दुसरे ‘दोर’ या अर्थाचे असल्याने ‘चढण्याचा दोर’ हा त्याचा मूळ अर्थ होय. ‘चढणे’ याच अर्थाचा संस्कृत ‘स्तिघ्’ धातू आणि जिना या अर्थाचा इंग्रजी ‘स्टेअर’ हे शब्द त्याच इंडो-यूरोपीय कुळातील आहेत.

प्राचीन ग्रीक व रोमन स्वार रिकीब वापरीत नसत; म्हणून अभिजात ग्रीक व लॅटिनमध्ये तिला शब्दच नाही. चीनमधील चांगशा येथील इ. स. ३०२ च्या थडग्यात सापडलेल्या मृण्मूर्तींत खोगिराच्या केवळ डाव्या बाजूस आखूड रिकीब दिसते. ती स्वारीसाठी नसून घोड्यावर चढण्यापुरतीच असावी. सहाव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास रचलेल्या स्ट्रॅटेजिकॉन या बायझंटिन युद्धशास्त्रविषयक ग्रंथात लोखंडी रिकिबींस ‘स्काला’ म्हणजे ‘शिडी’ म्हटले आहे. याउलट ‘रिकीब’ हा अरबी ‘रिकाब’पासून आलेला शब्द ‘स्वार होणे’ या अर्थाच्या धातूशी निगडित आहे. चढण्याचे साधन व स्वारीचा आधार हे रिकिबीचे दोन्ही उपयोग अशा रीतीने तिच्या नावांतून व्यक्त होतात.

रिकिबीमुळे भालाधारी स्वाराचे सामर्थ्य वाढून यूरोपात सरंजामशाही उदयास आली, असे मत लिन व्हाइट यांनी १९६२ मध्ये मांडले. तथापि कालक्रम व जमीनधारणेविषयीचा पुरावा यांच्या आधारे अनेक इतिहासकारांनी ते अमान्य केले. केवळ व्युत्पत्तीवरून अशा प्रश्नाचा निर्णय होऊ शकत नाही.

आकारसाम्यामुळे या शब्दाचा अर्थविस्तार झाला. मध्यकर्णातील, मानवी शरीरातील सर्वांत लहान अस्थीस इंग्रजीत स्टिरप म्हणतात. तिचे ‘स्टेपीझ’ हे शास्त्रीय नावही रिकिबीसाठी मध्ययुगीन लॅटिनमध्ये नव्याने घडविलेल्या शब्दावरून आले. प्रबलित काँक्रीटच्या तुळईत उभ्या सळ्यांभोवती नव्हे, तर लांबीच्या दिशेने जाणाऱ्या सळ्यांभोवती बसविलेल्या व कर्तन प्रेरणेस विरोध करणाऱ्या वाकविलेल्या सळीसही स्टिरप म्हणतात; बांधकामावरील कारागीर तिला ‘रिंग’ म्हणतात. घोड्यावर बसून निघालेल्या पाहुण्यास दिला जाणारा निरोपाचा मद्यपेला म्हणजे ‘स्टिरप कप’.