मुळशीत गेमिंग-अ‍ॅनिमेशनचा पीसी जोडताना

सर्वाधिक पैसे ग्राफिक्स कार्डावर घाला. ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर मोफत आहे. पण त्यातलं ‘सायकल्स’ रेंडरिंग झपाट्यानं व्हायचं, तर अख्खं दृश्य कार्डाच्या मेमरीत मावायला हवं. म्हणून निदान ८, जमल्यास १२ जीबीचं कार्ड. बऱ्याच गेमना १६ जीबी रॅम पुरते, अ‍ॅनिमेशनला ३२ बरी. प्रोसेसर मध्यम चालेल.

पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये मात्र काटकसर नकोच! ताम्हिणीच्या पट्ट्यात पावसाळ्यात वीज ये-जा करते. आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. यूपीएस प्युअर साइन वेव्हचा घ्या. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे (पॉवर फॅक्टर सुधारणारे) काही एसएमपीएस प्युअर साइन वेव्ह नसलेल्या स्वस्त यूपीएसवर, वीज जाताच बंद पडतात आणि रात्रभराचं रेंडर वाया जातं. कॅबिनेट ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा.