मानपत्रामागची प्रश्नपत्रिका

सोलापुरात तपासायला येणाऱ्या पाहुण्यांची वर्दळ गेल्या पंचवीस वर्षांत चांगलीच वाढली आहे. कॉलेजात नॅकची पीअर टीम येते. सरकारी दवाखान्यात असेसर येतात. एमआयडीसीत गिऱ्हाईक कंपनीचे ऑडिटर येतात आणि गावात स्वच्छता अभियानाची समिती येते. प्रत्येकाच्या हातात मुद्द्यांची यादी असते आणि बहुतेक मुद्द्यांपुढे गुण. जाताना कुणी श्रेणी देतं, कुणी प्रमाणपत्र, कुणी ढाल. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि चौकात अभिनंदनाचा फलक लागतो.

हे सगळे प्रकार आपण एकाच मापानं मोजतो आणि तिथंच घोटाळा होतो. प्रमाणपत्र सांगतं की किमान अट पूर्ण झाली. मानांकन सांगतं की तुम्ही कोणत्या पायरीवर आहात. राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार विचारतो की ही संस्था चालते कशी, आणि चालवणारी माणसं बदलली तरी ती अशीच चालेल का. हा तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. त्याचा इतिहास आधी थोडक्यात पाहू, मग सोलापूरकडे येऊ.

टोकियो ते मुंबई

जपानी शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघटनेनं १९५० मध्ये अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांची व्याख्यानं ठेवली. व्याख्यानांच्या पुस्तिकेचं मानधन डेमिंग यांनी संघटनेलाच देऊन टाकलं. त्यातून १९५१ मध्ये डेमिंग पारितोषिक उभं राहिलं. या पारितोषिकात पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेली पातळी गाठतील ते सगळे मानकरी.

पुढं जपानी मालानं अमेरिकेची बाजारपेठ काबीज केली, तेव्हा अमेरिकेला जाग आली. १९८७ मध्ये तिथं कायदा करून राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार सुरू झाला. वाणिज्यमंत्री माल्कम बाल्ड्रिज त्याच वर्षी रोडिओच्या सरावात घोडा अंगावर पडून दगावले होते, त्यांचं नाव पुरस्काराला दिलं गेलं. १९८८ च्या पहिल्या मानकऱ्यांत मोटोरोला होती. युरोपात ईएफक्यूएम या संस्थेनं १९९२ पासून आपला पुरस्कार द्यायला सुरुवात केली.

भारतात भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार स्थापन केला. १९९४ मध्ये भारतीय उद्योग महासंघ आणि एक्झिम बँक यांनी युरोपीय धर्तीचा पुरस्कार आणला. महाराष्ट्राशी थेट नातं सांगणारा पुरस्कार १९९६ चा. मुंबईच्या इंडियन मर्चंट्स चेंबरनं, म्हणजे आयएमसीनं, वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांचे चिरंजीव रामकृष्ण बजाज यांच्या नावानं तो सुरू केला आणि त्यासाठी बाल्ड्रिजचे निकष आधाराला घेतले. डेमिंग पारितोषिक भारतात पहिल्यांदा आलं ते १९९८ मध्ये, चेन्नईच्या सुंदरम क्लेटनकडे. २००३ मध्ये ते महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागानं मिळवलं. जगातल्या ट्रॅक्टर कंपन्यांत हा मान पहिल्यांदाच कुणाला मिळत होता.

बाल्ड्रिजची विभागणी सात निकषांची आणि एकूण गुण १,०००. नेतृत्व, धोरण, ग्राहक, मोजमाप व ज्ञान, मनुष्यबळ आणि कामकाज या सहा निकषांना मिळून ५५० गुण. सातवा निकष निष्पत्ती, आणि त्या एकट्याला ४५०. निष्पत्ती म्हणजे नुसता नफा नव्हे. ग्राहकांचं समाधान, कामगारांची स्थिती, कामकाजातली सुधारणा यांचे आकडे त्यात मोजले जातात, तेही काही वर्षांचे ओळीनं. शिवाय हे निकष उघड असतात. पेपर आधीच फुटलेला, तरी उत्तर देता येईलच असं नाही, अशी ही प्रश्नपत्रिका आहे.

फणीचा एक दात

हे निकष सोलापुरी टॉवेलच्या कारखान्यात नेऊन पाहू. मागावर फणीचा एक दात वाकला, की तिथून जाणारे ताण्याचे धागे सरकतात आणि कापडात उभी रेघ पडते. माग चालू आहे तोवर रेघही चालू. कामगाराच्या हाताखाली एकापेक्षा जास्त माग, शेडमध्ये खटखटाट, डोळा चुकतो. रेघ सापडते ती चेकिंगच्या टेबलावर. मग ते नग ‘सेकंड’च्या ढिगात जातात, जॉबरला हाक जाते, तो दात सरळ करतो आणि माग सुरू होतो. विषय संपला, असं सगळ्यांना वाटतं.

निकषांचं काम इथूनच सुरू होतं. मोजमापाचा निकष विचारतो की या आठवड्यात सेकंड किती निघाले, कोणत्या मागावर निघाले आणि ते कुठं लिहिलं आहे. कामकाजाचा निकष विचारतो की ताण्याचा नवा बीम चढवताना फणी तपासायची पद्धत आहे का, की ते जॉबरच्या लक्षात राहण्यावर सोडलंय. ग्राहकाचा निकष विचारतो की परदेशातल्या खरेदीदाराची तक्रार शेडपर्यंत पोचते का, की ऑफिसातल्या ईमेलमध्येच राहते. धोरणाचा निकष विचारतो की जुने माग किती वर्षं चालवायचे, हे कधी बसून ठरवलंय का.

मनुष्यबळाचा प्रश्न सर्वांत झोंबरा आहे. मजुरी नगावर असेल, तर रेघ दिसल्यावर माग थांबवणारा कामगार स्वतःचाच रोज बुडवतो. मग तो माग का थांबवेल? भिंतीवर गुणवत्तेचे कितीही फलक लावा, उत्तर मजुरीच्या हिशोबात दडलेलं असतं. नेतृत्वाचा निकष तर एका वाक्यात तपासता येतो. कारखानदार सकाळी शेडमध्ये आल्यावर आधी काय विचारतो, ‘काल माल किती निघाला?’ की ‘काल सेकंड किती निघाले?’ जे आधी विचारलं जातं, त्याचीच फिकीर शेड करते.

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गावाच्या नावाला त्यानं कायद्याचं संरक्षण दिलं आणि ती मोठी गोष्ट आहे. पण हे मानांकन माल कुठला आणि कोणत्या प्रकारचा ते सांगतं. तो माल विणणारा कारखाना कसा चालतो, हे त्याच्या कक्षेत येत नाही. नाव गावाचं आणि रेघ एकाच्या मागावरची, असं झालं तर बट्टा सगळ्या गावाला लागतो.

चिलचं लोखंड

याच शहरात दुसरं टोकही आहे. १९९२ मध्ये सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही सोलापूरची कंपनी देशी-परदेशी मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. इंजिनाच्या झडपा उघडण्या-मिटण्याचं काम हा दांडा करतो. ओतीव कॅमशाफ्ट करताना साच्यात कॅमच्या उंचवट्यापाशी लोखंडी चिल बसवतात. वितळलेला रस तिथं झटकन गार होतो, म्हणून उंचवट्याचा पृष्ठभाग कठीण होतो आणि बाकीचा दांडा यंत्रकामाला सोपा राहतो.

हा कठीणपणा नुसत्या डोळ्यानं दिसत नाही. टॉवेलची रेघ निदान टेबलावर सापडते. कॅमशाफ्टची कसर सापडायची ती दूर कुठंतरी कुणाच्या तरी गाडीत. म्हणून मोटार उद्योगानं पुरवठादारांसाठी स्वतःच नियम घातले. अमेरिकेतल्या तीन बड्या कंपन्यांनी १९९४ मध्ये क्यूएस ९००० आणलं, २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ आलं. तयार माल चाळण्यापेक्षा प्रक्रिया ताब्यात ठेवा, कसर निघाली तर मुळापर्यंत जा आणि जे केलं ते लिहा, असा त्यांचा धाक. हा पुरस्कार नव्हे, धंद्यात टिकण्याची अट आहे. अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपांनाही मोठ्या कारखान्यांचं काम घेताना तीच शिस्त थोडीफार अंगी बाणवावी लागते.

दवाखाना, कॉलेज, गाव

सरकारी दवाखान्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं, म्हणजे एनक्यूएएस, २०१३ पासून आहेत. त्यात आठ क्षेत्रं आहेत: सेवांची उपलब्धता, रुग्णहक्क, साधनसामग्री, साहाय्यक सेवा, वैद्यकीय उपचार, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि निष्पत्ती. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. असेसर नुसती कागदं पाहत नाही. तो निरीक्षण करतो, नर्सला विचारतो, रजिस्टर चाळतो आणि पेशंटशीही बोलतो. हात धुण्याचा तक्ता बेसिनवर आहे का, हे पाहून तो थांबत नाही, हात धुऊन दाखवायला सांगतो. प्रमाणपत्र तीन वर्षांचं आणि मधल्या वर्षांत फेरतपासणी. आपल्या निकष-व्यवस्थांत ही मला सर्वांत शहाणी वाटते.

कॉलेजांची गोष्ट वेगळी. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नॅकचेही निकष सात. प्राध्यापक मंडळींच्या बोलण्यात ‘क्रायटेरिया हेड’ हे जणू खातंच झालंय. सेल्फ स्टडी रिपोर्टच्या मोसमात शिकवणं मागं पडतं, पाच वर्षांचे फोटो आणि हजेरीपत्रकं गोळा करण्यात रात्री जातात. प्रश्न वाईट नाहीत. मुलांना काय आलं, हे विचारायलाच हवं. पण उत्तर वर्गात शोधायचं की फायलीत, हे ठरताना फाईल जिंकते. २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयनं आंध्रातल्या एका संस्थेच्या तपासणीवरून नॅक समितीतल्या लोकांना लाचेच्या आरोपाखाली अटक केली. श्रेणीवर प्रवेश, अनुदान आणि प्रतिष्ठा अवलंबून ठेवली, की श्रेणीचाच बाजार भरतो.

गावपातळीवर महाराष्ट्रानं स्वतःची वाट काढली होती. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. निकष, गुण आणि तालुक्यापासून राज्यापर्यंत बक्षिसांची उतरंड. व्यवस्थापनशास्त्राचं नावही न ऐकलेल्या गावांनी श्रमदानातून गटारं बांधली, उकिरडे हलवले. समिती येऊन गेल्यावर काही गावं पुन्हा पूर्वपदावर गेली, तर काहींत सवय मुरली. सवय मुरली ती बक्षीस लांब असतानाही ग्रामसभेत स्वच्छतेचा हिशोब विचारला जात होता, तिथं.

मानकऱ्यांची पुढची गोष्ट

पुरस्कार म्हणजे भविष्याची हमी नव्हे, याचे दाखले अमेरिकेतच आहेत. ह्यूस्टनच्या वॉलेस कंपनीनं १९९० मध्ये बाल्ड्रिज पुरस्कार मिळवला आणि १९९२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. फ्लोरिडा पॉवर अँड लाइटला १९८९ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळालं, जपानबाहेरच्या कंपनीला पहिल्यांदाच. पुढं कर्मचारी कागदपत्रांनी इतके वैतागले की नव्या प्रमुखांनी गुणवत्ता विभागाचा पसारा बराचसा गुंडाळला. यावरून पुरस्कार फोल ठरत नाहीत. गुणवत्तेसाठी निराळं खातं काढलं की बाकीची खाती हात झटकतात, एवढं मात्र ठरतं.

लहानांसाठी काय?

राष्ट्रीय पुरस्काराचा अर्ज भरायला माणसं आणि सवड लागते. सोलापुरातल्या बहुसंख्य यंत्रमाग कारखान्यांत मालक हाच खरेदीदार, हिशेबनीस आणि एचआर. त्यांच्यासाठी केंद्राची झेड, म्हणजे ‘झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट’, योजना अधिक जवळची आहे. २०१६ मध्ये सुरू झालेली ही योजना २०२२ मध्ये नव्यानं मांडली गेली. ब्राँझसाठी ५, सिल्व्हरसाठी १४ आणि गोल्डसाठी २० मुद्दे आहेत, आणि सूक्ष्म उद्योगांना शुल्कात ८० टक्के सवलत. अनुदानापुरती ती घ्यायची की शेड सुधारायला, हा निर्णय कारखानदाराचा.

यापुढची पायरी गावातच उभी करता येईल. दवाखान्यांच्या कायाकल्प योजनेत एका रुग्णालयाची माणसं दुसऱ्या रुग्णालयाची तपासणी करतात. तपासणारा परत जाताना दोन-चार युक्त्या घेऊन जातो. कारखानदारांच्या संघटनेनं हीच रीत उचलली, एका शेडचा जॉबर दुसऱ्याच्या शेडमध्ये दिवसभर फिरवला, तर बाहेरच्या सल्लागाराची फी वाचेल. चार अटी पुरेत: प्रत्येक मागाची सेकंडची वही, महिन्याला एक बैठक, रेघ दिसताच माग थांबवणाऱ्याची मजुरी न कापणं आणि वर्षाचे आकडे एकमेकांना दाखवणं. यातली शेवटची अट सर्वांत जड जाईल, कारण शेजारचा कारखानदार हाच स्पर्धक असतो.

आणि बक्षीस देणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावं. मानकऱ्याकडे तीन वर्षांनी न कळवता परत जावं, जे दिसेल ते जाहीर करावं. तसं झालं तर पुरस्कारांची संख्या घटेल, समारंभ छोटे होतील आणि मिळालेल्या ढालीला बाजारात खरी किंमत येईल.