उजेडाजवळ जाऊ या

कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणी भाजी निवडत असेल. हातातलं काम सोडू नका, कान तेवढा इकडे द्या. आज आम्ही बोलणार आहोत ते फोटोबद्दल. कमी उजेडात, फ्लॅश न मारता चांगला फोटो कसा काढायचा, हे आम्ही उशिरा शिकलो. उशीर झाल्यानं काय गेलं, ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एकीच्या नातवाचं बारसं होतं. वेळ दिवेलागणीची. माजघरात एकच बल्ब, पाळण्याजवळ समई आणि दाटीवाटीनं बसलेल्या पंचवीस-तीस बाया. तिच्या सासूबाई, म्हणजे बाळाच्या पणजी, नव्वदीला टेकलेल्या. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि चारी बाजूंनी फ्लॅश चमकले. आजींनी डोळे गच्च मिटले. म्हणाल्या, ‘अगं बायांनो, डोळ्यांत वीज कशाला पाडताय?’ बाळ दचकून रडायला लागलं.

दोन महिन्यांनी आजी गेल्या. दहाव्याला लावायला आणि पुढं बाळाला दाखवायला एक फोटो हवा, म्हणून आम्ही सगळ्यांनी आपापले फोन धुंडाळले. फ्लॅशच्या फोटोंत चष्म्याच्या जागी दोन पांढरे ठिपके, चेहरा पिठासारखा आणि मागच्या बाया काळोखात बुडालेल्या. फ्लॅश बंद ठेवून काढलेले सगळे हललेले. आठ-दहा फोन होते, पण पणजी आणि पणतू नीट दिसतील असा एकही फोटो नव्हता. त्यानंतर महिनाभर आम्ही बचत गटाची बैठक झाली की अर्धा तास फक्त फोटो काढायला शिकलो.

आधी एक समजून घ्या, कॅमेऱ्याला उजेड भरून घ्यावा लागतो. नळाला जोरात पाणी असलं की हंडा लगेच भरतो, धार बारीक असली की वेळ लागतो. उजेडाचंही तसंच. दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याला सेकंदाचा हजारावा भागही पुरतो. रात्री एका बल्बखाली सेकंदाचा दहावा-पंधरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात आपला हात थरथरला, किंवा समोरच्या बाईनं मान वळवली, की फोटो पुसल्यासारखा येतो.

थांबायला वेळ नसेल तर कॅमेरा दुसरा उपाय करतो. मिळालेला थोडा उजेड तो फुगवून दाखवतो. रेडिओवर लांबचं केंद्र लागत नसलं की आपण आवाज वाढवतो, तेव्हा गाण्याबरोबर खरखरही वाढते ना? फोटोतही तशीच खरखर येते, रवाळ ठिपक्यांची.

मग फ्लॅश का नको? कारण त्याचा उजेड फार लवकर विरतो. दिव्यापासून एक मीटरवर जेवढा उजेड पडतो, त्याचा दोन मीटरवर चौथा हिस्सा आणि तीन मीटरवर नववा हिस्सा उरतो. म्हणून पुढची बाई पांढरीफटक आणि मागची काळी. जत्रेत लांबून स्टेजकडे फ्लॅश मारला, तर तो पुढच्या माणसाच्या डोक्यावरच संपतो. शिवाय तो समोरून सरळ येतो. चष्मा, बांगड्या, घामेजलेलं कपाळ, सगळं चमकतं आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सपाट होतात. आजीच्या चेहऱ्यावरून सुरकुत्या गेल्या, तर आजी कुठली राहिली?

पण हाच हिशेब उलटा लावला की आपल्या कामी येतो. बल्बपासून दोन मीटरवर बसलेल्या बाईला एक मीटरवर आणलं, तर तिच्यावर चौपट उजेड पडतो. महिनाभरात आम्ही शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. उजेड माणसावर फेकायचा नाही, माणसाला उजेडाजवळ न्यायचं. आजींचा पाट त्या दिवशी भिंतीकडून बल्बाकडे चार हात सरकवला असता, तरी काम झालं असतं.

मात्र अगदी बल्बाखाली बसवू नका. डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात. उजेड समोरून, थोडा एका बाजूनं येऊ द्या. दिवस असेल तर दाराजवळ किंवा खिडकीजवळ बसवा, पण दाराकडे पाठ करून नको. दुसरा गाल अंधारात राहिला, तर त्या बाजूला एकीनं पांढरी चादर किंवा धुतलेलं धोतर ताणून धरा. त्यावरून उजेड परत चेहऱ्यावर येतो. घरात फारच अंधार असेल तर दुसऱ्या फोनची बॅटरी लावा, पण चेहऱ्यावर नाही. ती जवळच्या पांढऱ्या भिंतीवर मारा. भिंतच मोठ्या मऊ दिव्यासारखी होते.

आता फोन हातात घेऊ. पहिलं काम, मागची काच मऊ सुती कापडानं पुसा. पीठ, तेल, बोटांचे ठसे असले की प्रत्येक दिव्याभोवती धुकं येतं. दोन बोटांनी चित्र मोठं करू नका. तसं केलं की बहुतेक फोनमध्ये आहे तेच चित्र ताणलं जातं. त्यापेक्षा दोन पावलं पुढं जा. फोनला दोन-तीन कॅमेरे असतील, तर नेहमीचाच वापरा. रुंद दाखवणारा कॅमेरा बहुधा कमी उजेड घेतो.

मग हात स्थिर करा. दोन्ही हातांनी फोन धरा, कोपरं पोटाशी घट्ट, पाठ भिंतीला. त्याहून बरं म्हणजे अर्धी भरलेली तांदळाची पिशवी स्टुलावर ठेवून त्यात फोन रोवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबताना बसणारा झटकाही मग टळतो.

फोनमध्ये नाईट मोड असेल, तर तो एकामागून एक बरेच फोटो घेऊन त्यांचा एक करतो. म्हणून बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंद हलायचं नाही, आपणही आणि समोरच्यानंही. बसलेल्या आजीसाठी तो छान. पाय झाडणाऱ्या बाळासाठी उपयोगाचा नाही.

हलणाऱ्या माणसांचा क्षण ओळखावा लागतो. बारशात आत्या कानात कुर्र करते आणि बाया तिच्या पाठीवर धपाटे घालतात, तेव्हाचा फोटो हललेलाच येणार. पण त्याच्या आधी ती पाळण्यात वाकते, सगळ्याजणी श्वास धरून गप्प होतात. फोटो तेव्हा काढा. एक नाही, लागोपाठ पाच-सहा. त्यातला एक तरी नीट येतो.

समईचा उजेड गोड दिसतो, पण ज्योत फार तेजस्वी आणि चेहरा मंद. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, मग बाजूला सूर्यासारखं चिन्ह येतं, ते थोडं खाली ओढा. ज्योतही राहते आणि चेहराही. एका ज्योतीऐवजी ताटात चार-पाच निरांजनं ठेवलीत तर अजून बरं. पदर आणि बाळ मात्र ज्योतीपासून लांब. कधी फोटोत आडवे काळे पट्टे येतात, ते काही दिव्यांमुळे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. तो दिवा बंद करून दुसरा लावून पाहा.

फोटोची कला १८३९ साली जगापुढं आली, तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागत. पुढंही बराच काळ स्टुडिओच्या छताला काचा असत आणि मान हलू नये म्हणून मागून आधार लावत. फ्लॅश नव्हता, तरी माणसं उतरली. कारण ती उजेडात बसली आणि स्थिर राहिली. आपल्यालाही एवढंच करायचं आहे.

त्याच बाळाचा पहिला वाढदिवस परवा झाला. आमच्या मैत्रिणीला आम्ही दाराजवळ बसवलं, नातू मांडीवर, संध्याकाळचा उजेड एका गालावर. फोटो स्पष्ट आला. ती बराच वेळ तो बघत राहिली, मग हळूच म्हणाली, ‘आत्याबाईंचा असा हवा होता गं.’ त्यावर आम्ही काय बोलणार?

म्हणून मैत्रिणींनो, एवढं करा. तुमच्या घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस आज कुठं बसलंय, ते बघा. त्यांना विचारा, हो म्हणाले तर उजेडाजवळ न्या. चार फोटो काढा आणि चांगला असेल तो कागदावर छापून घ्या, कारण फोन बिघडतो, हरवतो. बारशाची वाट बघू नका.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.