गिरणगावची चव

परवा लोअर परळच्या एका मॉलमध्ये 'गिरणगावची चव' अशी पाटी लावून तीन आकडी किमतीला वडापाव विकताना पाहिला आणि डोकं फिरलं. ही चव ज्या बायकांच्या हातांची, त्या कुणाला आठवतात?

लिज्जत 1959 मध्ये गिरगावात 80 रुपयांच्या उधारीवर सुरू झालं, हे हल्ली प्रत्येक उद्योजकता शिबिरात ऐकवतात. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं, हे मात्र क्वचितच. तेव्हा मी लहान होतो. कळत्या वयात पाहिलं ते ऐंशीचं दशक.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पहिल्या बुडाल्या त्या खानावळी, कारण जेवणारे गडी महिन्याची बाकी तशीच ठेवून गावच्या एसटीत बसले. आमच्या चाळीत मग कुणी नगावर पोळ्या लाटून ऑफिसांत पोचवू लागली, कुणी मसाले कुटू लागली, कुणी फुटपाथवर वड्यांची कढई मांडली. भांडवल म्हणजे गहाण टाकलेलं मंगळसूत्र, वाण्याची उधारी आणि वातीचा स्टोव्ह. रेशनचं रॉकेल संपलं की धंदा बंद. आई कर्ज मागायला एका बँकेत गेली, तर साहेब म्हणाले, पगारदार जामीन आणा. अहो, पगार बंद पडला म्हणूनच ती आली होती ना! सभांमध्ये कामगारांचा जयजयकार व्हायचा; ज्यांच्या पोळ्यांवर संप तगला, त्या बायकांचा उल्लेख मी एकाही भाषणात ऐकला नाही. कित्येक नवऱ्यांना तर बायकोच्या कढईपाशी उभं राहायचीही लाज वाटे.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या, चिमण्या गेल्या, टॉवर आले.

आता कर्जाची तेवढी अडचण नाही. टाळेबंदीनंतर 2020 मध्ये स्वनिधी योजनेतून फेरीवाल्यांना 10,000 रुपयांचं पहिलं कर्ज विनातारण मिळू लागलं. चांगलंच झालं. पण ते घेऊन उभं कुठे राहायचं? आईच्या पिढीकडे पैसा नव्हता, पण चाळीचा ओटा होता, ओळखीचा वाणी होता, कढई मांडायला फुटपाथ होता. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा कायदा 2014 चा. तरी आजही पालिकेची गाडी दिसली की कढई उचलून पळावंच लागतं.

महापालिकेने आधी या लोकांना हक्काच्या जागा आखून द्याव्यात. गिरणगावच्या चवीच्या पाट्या नंतर लावा.